एकशे चाळीस ब्लँकेटं, पाचच्या आत

टीव्हीवरचं ते शहर बघवत नव्हतं. आठ-आठ मजल्यांच्या इमारती घडी घातल्यासारख्या खाली बसल्या होत्या. आणि त्याच शहरातल्या दवाखान्यात माझी भाची नर्स. आम्ही तिला चिमणी म्हणतो. पहाटे भूकंप झाल्यापासून तिचा फोन लागत नव्हता. तिची आई, म्हणजे माझी थोरली बहीण आणि आमच्या लॉन्ड्रीची खरी मालकीण, काउंटरला धरून उभी होती. मी काही बोललो की ताई दचकायची. माझ्या तोंडून खरं कुठलं आणि थाप कुठली, हे आख्ख्या गावाला आजवर कळलेलं नाही.

बाराच्या सुमाराला फोन वाजला.

"मामा, मी ठीक आहे, आईला सांग. आता ऐक, रडारडीला वेळ नाही. दवाखान्याला तडे गेलेत, पेशंट बाहेर मैदानात आणलेत. रात्री इथं पाणी गोठतं. आजची रात्र शेकोट्यांवर काढू, उद्याची नाही निघायची. ब्लँकेटं पाठव."

"किती?"

"एकशे चाळीस पेशंट आहेत. तेवढी!"

फोन कट. ताई मटकन खाली बसली, रडली, हसली आणि पदर खोचून उठली. माझ्या तर अंगात वारंच शिरलं. मदतीचं विमान संध्याकाळी सुटणार होतं आणि आमच्या चौकातून सामानाचा टेम्पो पाचला विमानतळाकडे निघणार होता. हातात पाच तास!

तुम्हाला लॉन्ड्रीतलं एक सांगतो. थंडी सरली की लोक ब्लँकेटं धुवायला टाकतात आणि खुशाल विसरतात. आमच्या मागच्या फळ्यांवर अशी शहाण्णव ब्लँकेटं पडून होती. धुतलेली, वाळलेली, घड्या घालून तयार. मी शिडी लावली.

"खाली उतर," ताई म्हणाली. "गिऱ्हाईकाची वस्तू आहे. विचारल्याशिवाय रुमालसुद्धा हलणार नाही इथून."

"अगं, तुझी पोरगी मागतेय!"

"म्हणूनच. माझ्या पोरीसाठी दुसऱ्याचं उचलायचं? विचार आधी. आणि नीट विचार, थापा नकोत."

"छे छे! थापा आणि मी?"

आता नीट विचारलं असतं तर काय झालं असतं? 'घरात विचारून सांगते.' 'रविवारी बघू.' रविवारी! मी वही उघडली आणि पहिला फोन लावला शाळेच्या जुन्या मुख्याध्यापक बाईंना. त्यांच्या पट्टीचे वळ अर्ध्या गावाच्या हातावर आहेत, माझ्या तर दोन्ही हातांवर.

"बाई, अभिनंदन! तुमचं ब्लँकेट भूकंपाच्या मदतीला निघालं. कोपऱ्यात आमची कापडी चिठ्ठी शिवलेली आहेच, तुमच्या नावाची. तिकडं सगळे वाचतील!"

ब्लँकेट अजून फळीवरच होतं, पण ते त्यांना कुठं दिसतंय? पलीकडे पट्टी आपटल्यासारखा आवाज झाला. म्हटलं, मेलो.

"कुठलं ब्लँकेट?"

"चॉकलेटी."

"अरे गाढवा! त्याला उंदरानं कुरतडलंय! माझ्या नावानं फाटकं पाठवतोस? थांब तिथंच!"

वीस मिनिटांत बाई हजर. काखेत दोन कोरी ब्लँकेटं, वरची पिशवी फोडलेलीसुद्धा नाही. मला किल्ली सापडली! मग मी सुटलोच. ज्याला त्याला नाव सांगायचं, चिठ्ठी सांगायची आणि हळूच म्हणायचं, "तेवढा डाग मात्र काही गेला नाही हं." की आलाच तो धापा टाकत, चांगलं ब्लँकेट घेऊन! दातांचे डॉक्टर तोंड उघडलेला पेशंट खुर्चीत सोडून आले. एकजण म्हणाला, "मामा, पुन्हा बनवतोयस ना?" म्हटलं, "टीव्ही लाव." दोन मिनिटांत त्याचाच फोन, "माझ्या नावानं तीन लिही."

फक्त एकजण भडकला. कंत्राटदार.

"माझं ते बाहेरून मागवलेलं? डबलबेडचं? कुणाला विचारून? आलोच बघ!"

साडेचारला मी मोजली, तर आमच्याकडे एकशे एकेचाळीस झाली, एक चुकून जास्तच. एवढ्यात टेम्पोवाल्यानं हात वर केले. "पाण्याचे कॅन आहेत, औषधाची खोकी आहेत. शंभर घातली, आता सुईसुद्धा मावणार नाही."

एकेचाळीस ब्लँकेटं रस्त्यावर! ताई त्यांच्याकडे बघत राहिली. ती मनात एकेचाळीस माणसं मोजत होती, हे मला दिसत होतं. आणि नेमका तेव्हाच कंत्राटदार आला, लालबुंद.

"कुठंय माझं?"

"टेम्पोत," मी म्हणालो.

ताईनं माझ्याकडे पाहिलं. न विचारताच घातलंय, हे कळलं तिला. "दे त्यांचं काढून. आणि माफी माग."

मी चढणार, तेवढ्यात मला बाजूला सारून तोच टेम्पोत चढला. दोन ढीग उचकले आणि थांबला.

"हे रचलं कुणी?"

"मी."

"तरीच! अरे, हा माल रचलाय की उकिरडा? कॅन वर ठेवतात का? खाली घे सगळे. दोरी आण. घड्या मोड, गुंडाळ्या कर, आवळून!"

मी गुंडाळतोय, ताई बांधतेय, बाई खालून एकेक देतायत आणि वर बघून ओरडतायत, "हात चालव रे! वर्गातही असाच रेंगाळायचास!"

"चालवतोय, बाई!" कंत्राटदार आतून.

पाचला तीन मिनिटं कमी असताना शेवटची गुंडाळी आत बसली. वर हातभर जागा उरली! टेम्पोवाला तोंड वासून बघत राहिला. मग मला आठवलं.

"साहेब, तुमचं ब्लँकेट राहिलं की!"

त्यानं घाम पुसला, खाली वाकून पाहिलं. "तळाच्या थरात गेलं. आता ते काढायचं म्हणजे सगळा माल उतरवायचा. एवढा वेळ कुणाला आहे? हाण रे गाडी!"

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला चिमणीचा फोन आला. आवाज पार बसलेला.

"मामा, पोचली. सगळ्यांच्या अंगावर घातली. मोजून घातली, तर एक उरलं. कुणाला देऊ?"

मी काही बोलायच्या आत ताईनं फोन हिसकावला.

"कुणाला नाही. ते मी तुझ्यासाठीच मोजून टाकलं होतं. अंगावर घे आणि झोप."

"खरंच, आई?"

"मी कधी खोटं बोलते का?"

चिमणी हसली, जांभई दिली, आणि फोन बंद झाला. मी ताईकडे बघतच राहिलो.

"तोंड मिट," ती म्हणाली.