बाल्कनीत टांगलेला हिरवा रंग

मित्रांनो, मी एक जुना रंग आहे. भिंतीवर किंवा कापडावर मला शोधायला जाऊ नका, सापडणार नाही. तुमच्या कपाटाच्या तळाशी, जुन्या वायरींच्या गुंत्यात एखादी सीडी पडलेली असेल. तिची चकचकीत बाजू उजेडात धरा. फिकट हिरवी झाक दिसली ना? तो मी, नाहीतर माझाच कोणी भाऊबंद. लोक सीडीचं नाव घेतात, लेझरचं कौतुक करतात, माझी कोणी विचारपूससुद्धा करत नाही. असो. रुसून बसायचं माझं वय गेलं.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथली माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत असायची, कारण धुळीचा एक कणही आत चालत नसे. मी तेव्हा पातळ द्रव होतो. प्लास्टिकच्या पारदर्शक चकतीवर, मधल्या भोकाजवळ, मला थोडंसं सोडलं आणि चकती गरगर फिरवली. अहाहा! तशी गिरकी पुन्हा नशिबी आली नाही. मी पसरत पसरत काठापर्यंत गेलो आणि चकतीवरच्या केसाहून बारीक खोबणीत वाळून बसलो. माझ्या पाठीवर चांदीचा पातळ थर चढला, त्यावर एक कडक कवच. मग शंभर जणांच्या चळतीत, काळ्या डब्यात, मी झोपी गेलो. किती दिवस, कोण जाणे. झोपेतही मी गिरक्याच घेत होतो.

जाग आली ती एका तपासणी केंद्रात. यंत्राच्या पोटात लेझरचा किरण माझ्यावर पडला. जिथे तो जोरात पडे तिथे मी भाजून निघे आणि एक इवलासा डाग राही. जिथे तो मंद होई तिथे मी होतो तसाच. डाग, कोरी जागा, पुन्हा डाग. आमची सारी लिपी एवढीच. दुखलं का म्हणाल, तर नाही. कोणीतरी कानाशी लागून खूप वेळ काहीतरी सांगतंय, असं वाटत राहिलं.

तो सांगत होता एका बाईच्या छातीबद्दल. पावाचे काप करावेत तसे तिच्या छातीचे तीनशे फोटो, गळ्यापासून सुरू होऊन खाली खाली जाणारे. उजव्या फुफ्फुसात, वरच्या बाजूला, एक छोटासा ठिपका होता. "जुन्या दुखण्याचा वण दिसतोय," तिथले डॉक्टर म्हणाले. "काळजी नको. पण ही सीडी जपून ठेवा, पुढे कधीतरी लागेल."

ती बाई म्हणजे ताई. ती कपडे शिवायची. धाकटा भाऊ तिच्याबरोबरच राहायचा. तो पुस्तकं बांधायचा, हाताला सदान्‌कदा डिंक लागलेला, म्हणून साठी आली तरी ताई त्याला डिंक्याच म्हणायची. ताईनं मला मापांच्या कागदांच्या खणात ठेवलं. तिथे मी अकरा वर्षं पडून होतो. दिवसभर मशीनची टकटक ऐकू यायची आणि मला गुंगी यायची. कधी वाटायचं, त्या सुईनं कोणी माझ्यावरच लिहितंय.

एक दिवस खण उघडला. बाल्कनीत वाळत घातलेल्या कपड्यांवर कबुतरं घाण करत होती आणि डिंक्याला कोणीतरी सांगितलं होतं, सीडी टांगा, चकाकीला घाबरून पळतात. त्यानं खणातल्या गाण्यांच्या चार सीडी घेतल्या आणि चष्मा न लावता पाचवी म्हणून मलाही घेतलं. दोऱ्यात ओवलं, टांगलं. कबुतरं एक दिवस बिचकली. दुसऱ्या दिवशी त्याच दोरीवर बसून आमच्यात तोंडं बघू लागली.

खरं सांगू? मला तिथे आवडलं. वारा मला फिरवायचा, माझ्या पोटातून ढग सरकायचे, भिंतीवर सात रंगांचे तुकडे नाचायचे. ऊन इतकं उबदार होतं की डोळा लागायचा. आपण पुसले जातोय हे मला कळलंच नाही, मित्रांनो! किरणानं सांगितलेलं एकेक वाक्य विरघळत होतं, आणि मी आपला मजेत डुलत होतो. समोर चादरी वाळत घातल्या की तेवढी सावली मिळायची. तिच्यामुळेच थोडाफार उरलो.

दीड महिना असा गेला. मग ताईचा खोकला वाढला. नवीन डॉक्टरांनी छातीचे फोटो काढले आणि ठिपका पुन्हा दिसला. घरी आल्यावर बाल्कनीच्या दारात उभी राहून तिनं डिंक्याला सगळं सांगितलं. "ठिपका नवा असेल तर छाती उघडून काढायचा म्हणतात. जुना असेल, तेवढाच असेल, तर हातसुद्धा लावायचा नाही. जुनं केंद्र तर केव्हाच बंद पडलंय. पण आपल्याकडे सीडी आहे ना, खणात."

डिंक्यानं वर दोरीकडे बघितलं.

"ताई," तो कसाबसा म्हणाला, "त्या खणातल्या सगळ्या मी कबुतरांना लावल्या गं."

मला वाटलं, आता आभाळ कोसळणार. पण ताई ओरडली नाही. तिनं हात वर करून माझं फिरणं थांबवलं. मग हळूच म्हणाली, "छाती कापली तर मी पुन्हा मशीनवर बसेन का रे?"

त्यानं दोरा कापला. मऊ कापडानं मला मधून काठाकडे, सरळ रेषेत, श्वास रोखून पुसलं. पुस्तकांच्या पुठ्ठ्याला लावायच्या काळ्या कागदात गुंडाळलं आणि दोघं थेट दवाखान्यात गेले.

"अहो काका, हिच्यावर चहाचा कप ठेवत होता की काय?" कॉम्प्युटरवर बसलेल्या बाई म्हणाल्या. कोणी हसलं नाही. पहिल्या वेळी यंत्राला माझ्यात काहीच दिसलं नाही. दुसऱ्या वेळी ते अडखळून थांबलं. मग त्या बाईंनी आतल्या खोलीतून एक जुनं यंत्र आणलं. "हे सोशीक आहे," म्हणाल्या.

वाचणारा किरण अगदी हलका असतो. तो मला विचारत होता, काय सांगितलं होतं तुला? आणि मला आठवेना! पहाटेचं स्वप्न उठल्याबरोबर निसटावं तसं झालं. माझा जीव नुसता तळमळला. मग आतल्या कडेला, मधल्या भोकाजवळ, एक डाग लागला. कोरी जागा. डाग. पडद्यावर गळा उमटला. खांदे. फुफ्फुसांची टोकं. एकेक फोटो रांगत आल्यासारखा येत होता. एकशेविसाव्या फोटोनंतर सगळं कोरं. पण ठिपका त्याआधीच येऊन गेला होता.

डॉक्टरांनी दोनदा मोजलं. "तेव्हा सहा मिलिमीटर, आज सहा मिलिमीटर. घरी जा, ताई. खोकल्याचं औषध देतो, सहा महिन्यांनी फक्त दाखवून जा."

डिंक्या तिथेच जमिनीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. "मी तुला मारलंच होतं गं."

"ऊठ, लोक बघतायत," ताई म्हणाली, आणि तिचाही बांध फुटला.

बाहेर आल्यावर त्यानं विचारलं, "आणि काहीच निघालं नसतं तर?" ताईनं मला पुन्हा काळ्या कागदात गुंडाळलं.

मित्रांनो, ते एकशेवीस फोटो त्या बाईंनी लगेच दुसरीकडे उतरवून घेतले. माझ्यातले बाकीचे कायमचे गेले. आम्ही रंग कितीही इमानी असलो तरी उन्हापुढे आमचं काही चालत नाही. म्हणून हात जोडून सांगतो, घरातली जुनी सीडी टाकण्याआधी, टांगण्याआधी, एकदा लावून बघा आणि तिच्यात जे असेल ते आजच दुसरीकडे उतरवून ठेवा. ताई आज मशीनवर बसलेली आहे, ती ठिपका वरच्या बाजूला होता म्हणून. तो चार बोटं खाली असता, तर मी तिच्या काही कामाला आलो नसतो.