राहतं घर

अमेरिकेत आयोवातल्या त्या काउंटीच्या, कुठे काय बांधायचं ते ठरवणाऱ्या झोनिंग बोर्डाची सभा शाळेच्या जिममध्ये भरली होती. बोलायला प्रत्येकाला तीन मिनिटं. पवनचक्की राहत्या घरापासून पंधराशे फूट लांब हवी, हा नियम डेल्मर फ्रिट्झनेच, तो स्वतः बोर्डावर असताना, लिहिला होता. 'राहत्या' हा शब्दही त्याचाच. ओसाड खोपटांपायी लोकांच्या चक्क्या का अडवायच्या, म्हणाला होता. तेव्हा टाळ्या पडल्या होत्या.

आज तोच माइकसमोर उभा होता.

"माझ्या घरापासून नऊशे फुटांवर चक्की दाखवलीय नकाशात. डोळे फुटलेत का तुमचे?"

अध्यक्षा लोरेटा त्याची जुनी शेजारीण. ती खाली बघत म्हणाली, "डेल्मर, तुझं विजेचं मीटर नोव्हेंबरपासून बंद आहे. तू शहरात राहतोस."

"बायको तिथल्या इस्पितळात आहे, आयरीनला एकटं टाकू? ती बरी झाली की येणारच आहोत आम्ही."

"कुठल्या गाढवाने लिहिला हा नियम?" मागून कुणीतरी ओरडलं.

डेल्मरने मागे वळून पाहिलं नाही.

लोरेटाने पेन उचललं. "बोर्डाला एवढंच लिहून घ्यायचंय. आयरीन परत येईल?"

त्याची अजून दीड मिनिटं शिल्लक होती. वेळ संपल्याची घंटा वाजेपर्यंत तो माइक धरून नुसता उभा राहिला.