अंदमानचं पांढरं प्रवाळ

चांद्याच्या औष्णिक वीज केंद्राच्या ऊर्जानगर वसाहतीत वामनराव बॉयलरवाले म्हणजे बडं प्रस्थ. अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात ते एलटीसीच्या प्रवास-सवलतीवर पत्नी भागीरथाबाईंना घेऊन अंदमानला निघाले, तेव्हा अर्ध्या कॉलनीला सांगून बसले होते, "समुद्रातला रंगीत बगीचा पाह्यतो अन् फोटो आणतो."

तिथे काचेच्या तळाच्या होडीत बसले, खाली वाकले आणि भडकले. खाली सगळं चुना फासल्यासारखं पांढरं.

"अरे, हे तं हाडकं हायेत! रंग कुठी गेला?"

होडीवाला शांतपणे म्हणाला, "साहब, पानी गरम हो गया. मूंगे के अंदर काई, यानी आपका शेवाळ, रहती है, वही रंग देती है, वही खिलाती है. गरमी में मूंगा उसको निकाल देता है. फिर भूखा रहता है, बढ़ता नहीं. कहते हैं, दुनिया भर का कोयला-पेट्रोल जलता है, उसी से गरमी बढ़ रही है."

"किती गरम झालं?"

"यही कोई दो डिग्री."

वामनराव इतके हसले की होडी डुचमळली. "दोन डिग्री? आमच्या चांद्याले सत्तेचाळीस असते! तुमचं पोवळं लय नाजूक हाये."

"मागच्या साली तुमाले एकशे दोन ताप आला होता," भागीरथाबाई म्हणाल्या. "सेल्सियसमंदी तो बी दोनच डिग्री. मृत्युपत्र लिहायले कागद मांगत होते तुमी."

वामनरावांनी कॅमेरा डोळ्याला लावला. पांढरे तर पांढरे, फोटो काढले.

परतल्यावर रविवारी कॉलनीच्या क्लबात सगळे जमले. कोळसा विभागातल्या नानाजींनी पहिलाच फोटो उचलला. "वामनराव, हा तं आपल्या राखेच्या तलावाचा फोटो हाये!"

हशा पिकला. रोल खराब निघाला म्हणावं, असं वामनरावांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्यांनी गरम पाण्याचं सगळं सांगून टाकलं.

"समुद्र तापवते कोण?" नानाजींनी विचारलं.

"जगभर कोळसा जाळून..." वामनराव अडखळले. समोर चाळीस माणसं, चाळीसही जण कोळशावर जेवणारी.

"सांगा ना, काऊन थांबले?" भागीरथाबाई.

"आपण तापवतो. मी तं सोताच जाळतो."

वीज केंद्राचे मोठे साहेबही तिथे होते; ते खोकले आणि त्यांनी चहा मागवला. मैफल मोडली. नानाजी आठवडाभर बोलले नाहीत. वामनराव सोमवारी सहाच्या पाळीला गेलेच. समुद्र तापतो म्हणून आलो नाही, असं कोणाला सांगणार?

पुढच्या रविवारी नानाजी एकटेच घरी आले. फोटो मागितला, चष्मा लावून बराच वेळ पाहिला.

"मेलं का हे?"

"अजून नाई म्हणे. पाणी लवकर थंड झालं तं सुधरते."

"मंग होईल का थंड?"

"मले इचारून काय करता, नानाजी?" वामनराव चिडून म्हणाले. "मी बॉयलरवाला हावो."