अठ्ठ्याऐंशी पॉइंट एक

फोन वाजला तेव्हा तीन गाड्यांमध्ये एकच गाणं चालू होतं. ते अंतऱ्याच्या तोंडावर तुटलं. स्टेशनमास्तरने हातातला डबा शेजारच्या सीटवर ठेवला, बोटं रुमालाला पुसली आणि फोनकडे पाहिलं. वाहन विभागाच्या साहेबांचं नाव होतं. त्याबरोबर त्याने पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर दार ओढून गाडीच्या चारही काचा वर घेतल्या. मग मान छातीशी घालून, ओठ हललेलेसुद्धा कोणाला दिसू नयेत अशा बेताने फोन घेतला आणि हळूच म्हणाला, "बोला साहेब."

स्टेशनमास्तर हे काही त्याचं खरं नाव नव्हे. रेल्वेशी त्याचा तिकिटापलीकडे संबंध नव्हता. तो कंपनीच्या गाडीवरचा ड्रायव्हर. गाड्या जुन्या आणि त्यातले रेडिओ गाड्यांचे थोरले भाऊ शोभतील असे. फोनमधली गाणी त्यांना जोडायची तर तारेला भोक नाही की दुसरी काही सोय नाही. म्हणून त्याने बाजारातून एक बोटभर यंत्र आणलं होतं, ट्रान्समीटर म्हणतात ते. सिगारेट पेटवायच्या भोकात ते खुपसायचं. ते फोनमधलं गाणं हवेत सोडतं, आणि गाडीतला रेडिओ बिचारा त्याला खरंखुरं स्टेशन समजून वाजवायला लागतो. अट एकच, रेडिओवरचा आकडा मोकळा हवा. गावातली स्टेशनं सगळीकडे माणसांसारखी खेटून बसलेली. खूप शोधल्यावर त्याला एक जागा स्वच्छ सापडली. अठ्ठ्याऐंशी पॉइंट एक.

ते गाणं आपल्याच गाडीत मावत नाही हा शोध मात्र लंबूचा. लंबू व्हॅन चालवायचा आणि सीटवर बसला की त्याचे गुडघे स्टिअरिंगच्या दोन बाजूंना कानांसारखे वर यायचे. शेजारी व्हॅन उभी असताना त्याने रेडिओ फिरवता फिरवता ते गाणं पकडलं आणि हसत सुटला. तेव्हापासून त्याला हे नाव चिकटलं आणि रिवाजच पडला. जेवणाच्या सुट्टीत तिन्ही गाड्या इमारतीमागच्या भिंतीशी ओळीने लागायच्या, मधे स्टेशनमास्तरची, उजवीकडे व्हॅन आणि डावीकडे मामांची. तिन्ही रेडिओ अठ्ठ्याऐंशी पॉइंट एकवर. दारं सताड उघडी, डबे मांडीवर. लंबूची फर्माईश धांगडधिंग्याची आणि मामांची जुन्या, संथ गाण्यांची. मामांकडे बटणांचा साधा फोन होता. ते म्हणायचे, मला कशाला हवा तुमचा तो काचेचा फोन, माझ्याकडे स्वतःचं स्टेशन आहे.

या यंत्राची एक खोड होती. फोन आला की गाणं थांबून फोनवरच्या माणसाचा आवाजही रेडिओवर जायचा. एकदा स्टेशनमास्तरच्या बायकोने भर जेवणाच्या सुट्टीत फोन करून, ओला टॉवेल पलंगावर टाकण्यावरून त्याची जी काय बिनपाण्याने केली, ती तिन्ही गाड्यांनी मन लावून ऐकली. तो काय बोलतोय ते ऐकू येत नव्हतं, बायकोचं तेवढं येत होतं. त्यामुळे तर आणखीच बहार. मामा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. पुढे कितीतरी दिवस लंबू त्याला सकाळी टॉवेलची ख्यालीखुशाली विचारायचा. तेव्हापासून स्टेशनमास्तरने नियम केला होता. फोन वाजला की आधी यंत्र उपटायचं, मग बोलायचं.

आज साहेबांचं नाव दिसलं आणि त्याला काचाच सुचल्या.

"कालचं बोलणं मी वरच्यांच्या कानावर घातलंय," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज खडा होता, शिपायाला हाक मारली तरी दोन मजले ऐकू जायची. "तुम्ही म्हणता ते खरं असेल तर फार गंभीर आहे. त्यांना संध्याकाळचं दिसतच नाही म्हणता?"

"हो साहेब."

"आणि गाडी पार्किंगमधल्या खांबाला घासली, ती त्यांच्याच हातून? आम्हाला वाटत होतं सफाईवाल्यांच्या गाडीची करामत."

"हो साहेब."

"बरं. सोमवारी डोळे तपासायला पाठवतो. तुमचं नाव यात कुठे येणार नाही, निर्धास्त राहा. आणि ते दुसरं तुम्ही विचारलं होतंत ना, मोठ्या साहेबांची गाडी मग कोणाकडे जाईल म्हणून? ती तुमच्याकडेच देऊ. बोललोय मी."

"उपकार झाले साहेब," स्टेशनमास्तर म्हणाला.

फोन बंद झाला. बंद काचांत त्याला घाम फुटला होता. त्याने काच खाली घेतली, आणि तुटलेलं गाणं पुन्हा सुरू झालं. ते त्याच्या गाडीत सुरू झालं, उजवीकडे सुरू झालं आणि डावीकडेही सुरू झालं. एकाच क्षणी, एकाच ओळीवर.

तो तसाच बसून राहिला. डावीकडे पाहायची हिंमत होईना. मग डावीकडचा रेडिओ बंद झाल्याचं त्याने ऐकलं. थोड्या वेळाने उजवीकडचाही झाला. त्याच्या एकट्याच्या गाडीत ते गाणं शेवटपर्यंत वाजत राहिलं, कारण ते बंद करायला हात पुढे येईना.

मामा कोण, हे सांगायलाच हवं. ते त्याचे सख्खे मामा नव्हते. कंपनीतले सगळेच त्यांना मामा म्हणत. पण स्टेशनमास्तरला तिथे चिकटवला तो मामांनी. तो आधी मालाचा टेम्पो चालवायचा, गाडी थांबवायची म्हणजे ब्रेकवर उभं राहायचं एवढंच त्याला ठाऊक. मामांनी त्याला शेजारी बसवून शिकवलं. मागच्या सीटवरच्या माणसाच्या हातातला पेपर हलता कामा नये, एवढी एकच परीक्षा ते घ्यायचे. आणि मामा स्वतः मोठ्या साहेबांच्या गाडीवर. ती गाडी म्हणजे सगळ्या गाड्यांत उठून दिसणारी, पगार बरा, दुपारी निवांतपणा, आणि गेटवरचा माणूस ताठ उभा राहायचा. ती गाडी स्टेशनमास्तरला हवी होती. कोणाला नको होती?

मामांच्या डोळ्यांचं तो एकटाच जाणत होता. उजेड असेपर्यंत मामांचं ठीक चालायचं. मोठे साहेब दिवस मावळायच्या आत घरी जाणारे, म्हणून निभावलं. त्यांना सोडून परत येईपर्यंत अंधारून यायचं, आणि तळघरातल्या पार्किंगचा उतार तर दिवसाही काळोखाचा. तिथे तो खांब मामांच्या गाडीला लागला. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्टेशनमास्तरला बाजूला घेऊन खरं सांगितलं आणि म्हणाले, पोरीचं तेवढं उरकू दे, मग मी आपण होऊन सोडतो. स्टेशनमास्तरने शब्द दिला. तेव्हापासून रोज संध्याकाळी मामा उताराच्या तोंडाशी गाडी थांबवायचे आणि तो ती खाली नेऊन लावायचा.

मग मागच्या आठवड्यात एका संध्याकाळी तो मामांच्या शेजारी बसून येत असताना, एक बाई दोन्ही हातांत पिशव्या घेऊन रस्ता ओलांडत होती. मामांना ती दिसली नाही. त्याने स्टिअरिंगला हात घातला म्हणून निभावलं. बाईची एक पिशवी फुटली, बाकी काही नाही. पण तिचा चेहरा त्याच्या डोळ्यांसमोरून हलेना. सांगायला हवं होतं, यात दुमत नाही. त्याने सांगितलं ते चुकलं असं कोणीही म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. पण साहेबांच्या खोलीत त्या बाईची गोष्ट निम्मीच सांगून झाली होती, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, मग साहेब, ती गाडी कोणाकडे जाईल? तो स्वतःशी कितीही घोळवून पाहत होता, की बाईसाठी गेलो होतो. पण तो प्रश्न काही पुसला जात नव्हता. जाताना मनात बाई होती का गाडी, हे त्याचं त्यालाही आता सांगता आलं नसतं. याचीच त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली.

फोन आला त्याच संध्याकाळी तो उताराच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. मामांनी चार शिव्या हासडाव्यात, कानाखाली वाजवावी, असं त्याला मनापासून वाटत होतं. गाडी आली, रोजच्या जागी थांबली. मामा उतरले, किल्ली त्याच्या हातावर ठेवली. तो गाडी लावून धावतपळत वर आला तोवर मामा निघून गेले होते.

दुसऱ्या दिवशी लंबूकडून कळलं. मामा सकाळी येऊन थेट साहेबांच्या खोलीत गेले होते. माझे डोळे गेलेत, तपासायला पाठवू नका, गाडी आजच काढून घ्या, म्हणाले. कोणी काही सांगितलं असेल तर ते मीच त्याला सांगायला लावलं होतं, असंही म्हणाले. लंबूने हे सगळं त्याच्याकडे न बघता, व्हॅनची काच पुसता पुसता सांगितलं. स्टेशनमास्तरने विचारलं, डबा खायला येतोस ना? लंबू म्हणाला, आज जरा बाहेर आहे. जेवणाच्या सुट्टीत व्हॅन पलीकडे, टाकीच्या सावलीत उभी होती.

दुपारी साहेबांनी हुकूम सोडला, मामांनी आज नव्या माणसाला गाडी दाखवून द्यावी. म्हणून संध्याकाळी मोठ्या साहेबांना सोडून परतताना स्टेशनमास्तर स्टिअरिंगवर आणि मामा शेजारी, असे दोघे होते. मामा सगळं नीट सांगत होते, जराही हात आखडता न घेता. सकाळी दुसरा गिअर जड पडतो, जोर करायचा नाही, पुन्हा न्यूट्रलला आणून घालायचा. साहेबांच्या बाजूचं दार आधी आपण उघडायचं, आतून कधीकधी अडकतं. शाळेपाशी हॉर्न नको. साहेबांना कंबरेचा त्रास आहे, गतिरोधक दिसला की आधीच सांगायचं.

"आणि साहेब असताना यात गाणी लावायची नाहीत. त्यांना चालत नाही," मामा म्हणाले.

स्टेशनमास्तरने मान हलवली.

"मामा, ती पिशव्यावाली बाई... मला झोप येत नव्हती. म्हणून मी गेलो."

"बरोबर केलंस. मीच जायला हवं होतं. पोरीच्या नावाखाली मी लोकांच्या जिवाशी खेळत होतो." मामा समोर पाहत होते. दिवे लागले होते, त्यांना त्यातलं काय दिसत होतं कोणास ठाऊक. मग ते साध्या आवाजात म्हणाले, "पण गाडी मागायची होती तर माझ्याकडे मागायचीस रे. मी दिली असती."

पुढचा रस्ता त्याने कसा चालवला ते त्यालाच माहीत. तोंड लपवायला जागा नव्हती. दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि मागच्या सीटवर कोणी असतं तर त्याच्या हातातला पेपर चांगलाच हलला असता.

कंपनीच्या अलीकडच्या चौकात मामा म्हणाले, इथेच थांबव, मी बस धरतो. त्याने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि म्हणाला, चला, मी बसमध्ये बसवून देतो.

"नको. तू गाडी लाव, उशीर होईल."

मामा उतरले. पायाने फुटपाथची पायरी चाचपली, वर चढले आणि थांब्यावरच्या माणसांत जाऊन उभे राहिले. दार त्यांनी हळूच लावलं होतं, नेहमी लावायचे तसं. स्टेशनमास्तरने किल्ली फिरवली नाही.

बस आली. कपाळावरचा तिचा नंबर गाडीतूनही स्वच्छ दिसत होता, आणि ती मामांचीच होती. त्याने काच खाली घेऊन ओरडायला तोंड उघडलं. तेवढ्यात मामा शेजारच्या एका अनोळखी मुलीकडे वळले, जरा वाकले आणि म्हणाले, "बाळ, ही कितीची आली, वाचतेस का जरा?"