चांदीचे डोळे

शेंदराचा तळहाताएवढा पापुद्रा निसटला. तो जमिनीवर पडायच्या आत शालिकरामने उपरण्यात झेलला.

देवाने खोळ सोडली की ती नदीला द्यायची आणि उघडं अंग कुणाच्या नजरेला पडू द्यायचं नाही. म्हणून मंडपाच्या चारी खांबांना धोतरं बांधून आडोसा केला होता. आत फक्त तो. डोहोबाला शेंदूर चढवायचा मान गावात या एकाच माळ्याच्या घराचा, आणि आत जे दिसेल ते बाहेर बोलायचं नाही हा त्या मानाचा नेम. मागची खोळ बावीस वर्षांपूर्वी सुटली तेव्हा वडील आत गेले होते. मरताना त्यांनी बाग सोपवली, नेम सोपवला. देव कसा दिसतो ते मात्र सांगितलं नाही.

बाहेर महादेवराव पाटील येरझारा घालत होते. त्यांच्या वहाणांची करकर आडोशाच्या या टोकापासून त्या टोकाला जाई आणि परत येई.

"झालं का रे, शालिकराम?"

"निघून राह्यली जी खोळ."

"हात उचल जरा. तहसीलदार दोन वाजता येतेत पंचनाम्याले. त्याईच्या आंदी देव आपल्या रूपात पायजे. अन् जाड चढव या खेपेस."

"जी."

"नसन होत तं सांग. मान दुसऱ्या घरी देता येते."

शालिकरामने तेलाची वाटी उगाच या हाताकडून त्या हाताकडे सरकवली.

तीन वर्षांपूर्वी नागपूरला दीक्षा घेऊन आलेल्या मंडळींनी यंदा अकोल्याला अर्ज दिला होता. डोहावरच्या जुन्या मंडपातली मूर्ती बुद्धाची आहे, ती वंदनेसाठी मोकळी करा. गावाने उलटा अर्ज दिला. तेव्हापासून पाणवठ्यावरही बाया एकमेकींशी मोजकंच बोलत. मंडपातल्या एकादशीच्या कीर्तनात शालिकरामचा टाळ दोनदा चुकला होता. बुवांनी नुसतं वळून पाहिलं, तरी तो घामाने भिजला.

काल देवमन बागेत आला होता. सडकेच्या कामावरचा, दीक्षा घेतलेला हा मुकादम दर पौर्णिमेला पांढरी शेवंती न्यायचा.

"उद्या तू पाहशीन," फुलं निवडता निवडता तो म्हणाला.

"पाहीन."

"मंग साहेबाले सांगशीन?"

"नेम हाय, देवमन."

"व्हय. नेम आमालेबी होता, मंडपाच्या पायरीले शिवाचं नाई. तुमच्या बुवाचं कीर्तन नाल्याच्या पल्याडून आयकलं म्या. अर्धं तं वाराच घेऊन जाये. तरी तुहा टाळ वयखू ये मले."

शालिकरामने खाली पाहत दोन फुलं जास्तीची टाकली. "तुमाले मंडप भेटला तं कीर्तन कुठी होईन?"

"तुले कीर्तनाची पडली?"

"मले तेच पडली."

देवमन थोडं हसला. "वंदनेले आमच्या धा मिंटं लागतेत, लेका. बाकीचा दिवस काय मंडप घरी नेतो काय आमी?"

रात्रभर शालिकरामला ते हसू आठवत राहिलं. सकाळी बायकोने, मनकर्णेने, देवाचे चांदीचे डोळे चिंचेने घासून डबीत घालून दिले, तेव्हा त्याने डबी दोनदा उघडून पाहिली. वाटोळे, मोठे, सताड उघडे डोळे. लहानपणापासून त्याने देव ओळखला तो याच डोळ्यांनी.

शेवटचा पापुद्रा कपाळावरून खाली आला. शालिकराम मागे सरकला.

नाकाचा शेंडा तुटलेला. मांडी घातलेली, मांडीत एकावर एक ठेवलेले हात. पापण्या खाली आलेल्या.

नेमाप्रमाणे त्याने पायांपासून सुरुवात केली. मांड्या झाल्या, हात झाले, छाती झाली. गळ्यापाशी आल्यावर बोटं थांबली. चेहऱ्याला शेंदूर न लावताच त्याने डबी उघडली, मेणाची गोळी करून एक डोळा त्या मिटल्या पापणीवर दाबून पाहिला.

कीर्तनात एखाद्या चरणावर मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्याचे डोळे मिटतात. पोरं खिदळली की बुवा म्हणतात, झोपला नाही रे तो, आयकून राह्यला. आणि कुणी खांदा हलवला तर तो जसा दचकून पाहतो, तसा एका बाजूने तो चेहरा झाला.

शालिकरामने डोळा काढला. पापणीवरचं मेण उपरण्याच्या टोकाने हळूहळू पुसलं.

बाहेर जीप थांबली. मग माणसांचा गलका, आणि त्यावर तहसीलदारांचा खणखणीत आवाज, "पंच कोण? पंचांनी पुढे या. अर्जदार कुठे आहेत?"

आडोसा सारून तो बाहेर आला तेव्हा एकीकडे गाव होतं, दुसरीकडे देवमन आणि त्याची माणसं. सगळे त्याच्या तोंडाकडे पाहत होते. त्याने डबी महादेवरावांच्या हातात ठेवली.

"डोळे बसवले नाई तू?"

"तुमी बसवा, पाटील."

"म्या? आत?"

शालिकरामने धोतराचं टोक उचलून धरलं. खोळ सुटल्यावर माळ्याच्या घराबाहेरचं माणूस आजवर आत गेलं नव्हतं. महादेवरावांनी गावाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, वहाणा काढल्या आणि वाकून आत शिरले.

"किती वेळ?" तहसीलदारांनी विचारलं. ते पुन्हा मोठ्याने पंचांची नावं पुकारू लागले. देवमन आपल्या जागेवरून हलला नाही. शालिकराम शेंदराने माखलेली बोटं एकेक करून पुसत राहिला. ती काही स्वच्छ होईनात.

बऱ्याच वेळाने महादेवराव बाहेर आले. डबी मुठीत तशीच मिटलेली होती, डोळे आतच. वहाणा पायात न घालता ते पायरी उतरले आणि तहसीलदारांजवळ जाऊन उभे राहिले.

"साहेब," ते म्हणाले, "थोडं हळू बोला जी."