डाव्या काठाचं पाणी

सासरे निवृत्त झाले, पण नदीनं काही त्यांचा पिच्छा सोडला नाही. जन्मभर पाण्याच्या प्रवाहांचा अभ्यास केलेला माणूस तो. गेल्या उन्हाळ्यात एका सुट्टीच्या दिवशी त्यांनी सुनेलाही नदीवर ओढत नेलं. सून शहराच्या पाणीपुरवठ्याची इंजिनिअर. गुडघाभर पाण्यात उभं राहून सासऱ्यांनी डाव्या काठाशी लाल रंग ओतला आणि दोघं त्याच्यामागे काठाकाठानं पाण्यातून चालू लागली. रंग तळापर्यंत लगेच पोचला, पण आडवा काही सरकेना. पार लांबच्या वळणापर्यंत काठ धरूनच वाहत राहिला.

"उथळ पाण्याला खळखळाट फार," सासरे म्हणाले, "पण त्यातले भोवरे जेमतेम खोलीएवढेच. पलीकडचा काठ गाठायचं त्यांच्यात बळ कुठलं?"

घरी आल्यावर दोघांचे लाल पाय पाहून तिच्या नवऱ्यानं यथेच्छ थट्टा केली.

यंदा एका सकाळी वरच्या पुलावरून रसायनाचा टँकर नदीत कोसळला. चालक वाचला, पण टँकर डाव्या काठाशी फुटला. ऑफिसात एकच धावपळ.

"दोन्ही जॅकवेल बंद करा," साहेब म्हणाले.

शहराचं पाणी उचलणाऱ्या या विहिरी एकेका काठाला. दोन्ही बंद म्हणजे दवाखान्यासकट सगळं शहर कोरडं. तिनं घरी फोन लावून सासऱ्यांना सगळं सांगितलं.

"बाबा, उजवी चालू ठेवू?"

"ती वळणाच्या अलीकडे आहे, तेव्हा ठेव. वळणावर खडकांमुळे मोठे भोवरे पडतात, तिथून खाली भरवसा नाही. आणि नुसत्या माझ्या शब्दावर जाऊ नकोस, पाणी तपासत राहा."

साहेबांनी जरा कां-कू केली, पण सतत तपासणी होणार म्हटल्यावर मान डोलावली. डावी विहीर बंद झाली. वळणाखालच्या गावांना निरोप गेले. डाव्या काठाला मेलेले मासे तरंगले, पण उजवीकडचा प्रत्येक नमुना स्वच्छ आला. शहरातले नळ बारीक चालले, पण चालले.

संध्याकाळी ती घरी आली, तर सासरे अजून फोनशेजारीच बसलेले. पुढ्यातल्या चहावर साय धरलेली.

"बाबा, तेव्हा मी कुरकुरतच आले होते. तुम्ही ओढून नेलंत म्हणून आज..."

"पुरे गं. घरच्या माणसाचे कसले आभार मानतेस?"

"आज मानू द्या."



"जन्मभर नदीत उभा राहिलो," सासरे म्हणाले, "पण असा विचारायला फोन पहिल्यांदाच आला. आभार मीच मानायला हवेत."

तिनं गार झालेला कप उचलला आणि दोघांसाठी नवा चहा टाकला.