आई चौथ्यांदा सिनेमाला जाते

आईने कात्री हवेत धरली आणि पोट पुढे काढून पार्लरच्या आरशासमोर दोन पावलं चालून दाखवलं.

"अशी चालते हो ती सिनेमातली! एवढीशी पोर, एवढं मोठं पोट, आणि त्या पोटावर ट्रंपेट टेकवून वाजवते. शाळेच्या बँडमधून काढायचं सगळ्यांच्या मनात आहे, पण दुसऱ्या कुणाला वाजवताच येत नाही!"

खुर्चीतल्या औषधाच्या दुकानवाल्या बाई खो-खो हसल्या. त्यांचे अर्धे केस कापून झाले होते, अर्धे तसेच लोंबत होते. दारात उभी असलेली लेक मात्र हसली नाही. ती शाळेत विज्ञान शिकवायची. येता-जाता रस्त्यात तिचे विद्यार्थी भेटायचे, त्यांच्या आया याच पार्लरमध्ये यायच्या. आणि हा सिनेमा लागल्यापासून आई येईल त्या गिऱ्हाइकाला तोच ऐकवत होती. सोळा वर्षांची मुलगी, लग्नाचा पत्ता नाही, दिवस गेलेले, आणि सिनेमा म्हणे विनोदी.

बाई गेल्यावर लेकीने झाडू हातात घेतला.

"आई, आणखी किती जणांना सांगणार आहेस?"

"चांगल्या सिनेमाचं कौतुकही करू नको?"

"लोक सिनेमा ऐकत नाहीत गं. आधी तुझ्याकडे बघतात. मग माझ्याकडे."

आई कात्री पुसत राहिली. ती स्वतः सोळाची असताना लेक झाली होती. हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि घरात कुणी कधी उघड बोलत नव्हतं. आजी होती तोवर एखाद्या दुपारी भाजी निवडताना "पोरीच्या आयुष्याचं मातेरं झालं," एवढं म्हणायची आणि नात दिसली की गप्प व्हायची. लेक त्या एका वाक्याच्या धाकात वाढली. वर्गात पहिली आली, वेळेवर नोकरीला लागली, कधी उलटून बोलली नाही. आपल्याच घरात पाहुण्यासारखी जपून वागत आली.

"तू एकदा बघ तरी," आई शेवटी म्हणाली. "मग हवं तेवढं ओरड माझ्यावर."

दुपारच्या खेळाला फारशी गर्दी नव्हती. तिकीट खिडकीतल्या माणसाने आईला ओळखलं.

"आज कुणाला आणलंत?"

"लेकीला," आई ऐटीत म्हणाली.

लेक अंग चोरून बसली. पहिली काही मिनिटं ती पडद्यापेक्षा आजूबाजूलाच जास्त बघत होती. पण बँडच्या मास्तरांनी गणवेश सैल करायला आणला आणि शिवणारीने मोजमापाची फीतच संपल्याचं जाहीर केलं, तेव्हा तिच्या तोंडून हसू निसटलंच. आईने अंधारात कोपर मारलं. बघ, सांगत नव्हते?

मग तो प्रसंग आला. घरातला दिवा गेलेला; मुलीचा बाप स्टुलावर चढून चाचपडत बल्ब बदलतोय. अंधार बघून मुलगी धीर करते आणि एका दमात सगळं सांगून टाकते. पडद्यावर बराच वेळ नुसता काळोख. मग बल्ब लागतो. बापाचा चेहरा दिसतो. स्टूल डगमगतं.

"स्टूल धर नीट," बाप म्हणतो. "मी पडलो तर तुम्हा दोघांना बघणार कोण?"

सगळं थिएटर हसलं. लेकही हसली आणि हसत हसतच आईकडे वळली.

आई हसत नव्हती. ओठ घट्ट मिटून, पुढच्या खुर्चीची पाठ धरून, ती त्या बापाकडे बघत होती. लेकीच्या एकदम लक्षात आलं: पार्लरमध्ये आईने सगळा सिनेमा सांगितला होता, हा प्रसंग मात्र कधी कुणाला सांगितला नव्हता.

पुढे दवाखान्यातला गोंधळ सुरू झाला तशी आई पुन्हा मोकळी झाली. पडद्यावरची मुलगी कळा सोसता सोसता नर्सला शिस्त शिकवत होती.

"असंच झालं होतं?" लेकीने आईच्या कानाशी विचारलं. आजवर तिने हे कधीच विचारलं नव्हतं.

"छे! मी तर डॉक्टरांच्या हाताला चावले होते," आई डोळे पुसत म्हणाली. "आणि तू आलीस ती इतकी रागावलेली, की मला हसूच आवरेना."

"हसू?"

"मग! ते मला एकटीलाच आलं. बाकी सगळे रडायच्या तयारीने आले होते."

मागून कुणीतरी "शूऽऽ" केलं. दोघींनी तोंडावर हात दाबले आणि खांदे हलवत बसल्या.

सिनेमा सुटल्यावर थिएटरच्या पायऱ्यांवर ऊन होतं. लेक उतरता उतरता थांबली.

"आई, तो बाप..."

"हं." आईने पर्सची चेन उगाच उघडली, लावली. "मी सांगितलं त्या दिवशी तुझ्या आजोबांनी रेडिओ बंद केला आणि चपला घालून निघून गेले. नंतर सगळं केलं हो. दवाखाना, तुझी शाळा, माझं पार्लर. तुला तर खांद्यावरून उतरू दिलं नाही. पण त्या गोष्टीवर कधी बोलले नाहीत."

आईने पर्स काखेत धरली.

"मागच्या खेपेला त्यांनाच घेऊन आले होते मी."

"आजोबांना? या सिनेमाला?"

"ऐकू कमी येतं, म्हणून अगदी पुढे बसवलं. ट्रंपेटला टाळ्या काय वाजवल्या! पण बल्ब लागला, तो बाप बोलला, आणि हे तडक उठून बाहेर. मी मागे धावले. इथेच उभे होते, कठडा धरून. मला म्हणाले, 'एवढंच म्हणायचं होतं होय गं?'"

रस्त्यावरून एक ट्रक गेला.

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार! म्हटलं, आत चला लवकर, पुढे फार मजा आहे."

"आले?"

"आले ना," आई म्हणाली. "दवाखान्यातल्या गोंधळाला तर माझ्याआधी हसले."